कानाने वाचायची कविता : हॉपकिन्सच्या शंकेचे एक प्रकरण

1879 च्या एप्रिल महिन्यात इंग्रज कवी जेरार्ड मॅनली हॉपकिन्सने आपला मित्र रॉबर्ट ब्रिजेस याला लिहिलेल्या पत्रात एक लहानसा प्रसंग सांगितला आहे. ‘द लॉस ऑफ द युरिडिसी’ ही त्याची कविता कुणीतरी वाचून त्याला परत केली होती. कागद हातात आल्यावर त्याने तो उघडला आणि गद्य असो की पद्य, आपण सगळे जसे नुसत्या डोळ्यांनी वाचतो, तशा त्यातल्या काही ओळी वाचल्या. त्या वाचून तो हादरला. आपणच लिहिलेल्या ओळींत त्याला एक कच्चा उघडेपणा आणि जराही न सावरलेला आडदांडपणा दिसला, आणि त्यासाठी त्याच्या मनाची तयारी नव्हती. पुढच्याच वाक्यात तो म्हणतो की जरा दम घ्यावा, त्याच ओळी कानाने वाचाव्यात, म्हणजे त्या ठीक होतात. आपली कविता नेहमी तशीच वाचली जावी अशी आपली इच्छा असते.

नवा घाट हाती घेणाऱ्या कवीच्या मनात स्वतःविषयी जी शंका उभी राहते, तिचा इतका नेमका दाखला माझ्या पाहण्यात दुसरा नाही. ही शंका संपादकाने किंवा टीकाकाराने पेरलेली नव्हती. कवी स्वतःच काही क्षण आपल्या कवितेचा परका वाचक झाला, आणि त्या परक्या नजरेला जे दिसले त्याने घाबरला. ती भीती कुठून आली आणि तिला त्याने दिलेले उत्तर कितपत पुरले, हे पाहायचे तर साडेतीन वर्षे मागे जावे लागते.

हॉपकिन्सचा जन्म 1844 चा. ऑक्सफर्डला शिकत असताना, 1866 साली, त्याने कॅथलिक पंथ स्वीकारला आणि 1868 मध्ये तो जेझुइट या कॅथलिक धर्मसंघात दाखल झाला. संघात जाण्यापूर्वी त्याने आपल्या कविता जाळल्या. कविता करणे हे आपल्या वृत्तीत बसत नाही, वरिष्ठांची इच्छा असल्याखेरीज आता लिहायचे नाही, असा त्याचा निश्चय होता, आणि प्रसंगोपात्त केलेल्या दोन-तीन किरकोळ रचना सोडल्या तर सात वर्षे त्याने तो पाळला. हे बंधन संघाने त्याच्यावर लादलेले नव्हते, हे येथे नोंदवले पाहिजे. मराठी वाचकाला तर ते वेगळे सांगायलाही नको. कारण याच संघाचे एक इंग्रज सदस्य, फादर थॉमस स्टीफन्स, हॉपकिन्सच्या अडीच शतके आधी गोव्यात येऊन राहिले, मराठी शिकले आणि त्यांनी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रचले, जे 1616 मध्ये राचोल येथे छापले गेले. हॉपकिन्सचे बंधन त्याने स्वतः घातलेले होते, आणि म्हणूनच ते सुटायलाही अवघड होते.

6 डिसेंबर 1875 च्या पहाटे, ब्रेमेनहून न्यूयॉर्ककडे निघालेले ‘डॉइचलँड’ हे जहाज हिमवादळात टेम्सच्या मुखाजवळच्या केंटिश नॉक या वाळूच्या दांड्यावर रुतले. बुडालेल्यांमध्ये पाच फ्रान्सिस्कन जोगिणी होत्या. जर्मनीतील, कॅथलिकांवर निर्बंध घालणाऱ्या फाल्क कायद्यांमुळे त्यांना देश सोडावा लागला होता. हॉपकिन्स तेव्हा उत्तर वेल्समधील सेंट ब्यूनोज या संस्थेत धर्मशास्त्राचा अभ्यास करत होता. ही बातमी वाचून तो व्याकूळ झाला आणि तसे त्याने आपल्या रेक्टरांपाशी बोलून दाखवले, तेव्हा या विषयावर कुणीतरी कविता लिहावी, असे ते सहज म्हणाले. एवढ्या शब्दांवर सात वर्षांचे मौन सुटले. तीन वर्षांनी कॅनन डिक्सन या कवी-धर्मोपदेशकांना लिहिलेल्या पत्रात त्याने हे सगळे सांगताना एक साधी कबुली दिली आहे: सुरुवातीला हाताची सवय मोडलेली होती. त्याच पत्रात, एका नव्या लयीचा नाद आपल्या कानात बराच काळ घुमत होता आणि ती लय आपण येथे प्रथम कागदावर उतरवली, असेही तो सांगतो. मला ही दोन विधाने एकत्र वाचावीशी वाटतात. हात विसरला होता, पण कान विसरला नव्हता. आणि पुढे या प्रकरणात जे जे घडले ते या दोहोंमधल्या अंतरातून घडले.

ती लय कोणती, हे थोडे थांबून समजून घ्यावे लागेल. आपल्याकडे पद्याची मोजणी अक्षरांची किंवा मात्रांची असते; लघु-गुरू हा आपला आधार. इंग्रजीत शब्दातल्या ठरावीक अवयवावर, म्हणजे सिलेबलवर, आघात पडतो, आणि तेथील रूढ पद्यात आघाती व निराघाती अवयव ठरलेल्या क्रमाने एकाआड एक येत राहतात, त्यामुळे ओळीतील अवयवांची संख्याही सहसा बांधलेली असते. हॉपकिन्सने मोजायचे ते फक्त आघात, असे ठरवले. प्रत्येक गण आघाताने सुरू होणार. त्याच्यामागे एकही निराघाती अवयव नसेल, किंवा दोन असतील, तीनही असतील, आणि विशेष परिणामासाठी त्याहूनही अधिक. म्हणजे दोन आघात एकमेकांना भिडून येऊ शकतात आणि त्यांच्यापुढे पाच-सहा अवयवांची धावपळही होऊ शकते. ओळ लांब दिसो की आखूड, आघात मात्र ठरलेले. या लयीला त्याने ‘स्प्रंग ऱ्हिदम’ असे नाव दिले, आपण तिला उसळती लय म्हणू. जात्यावरची ओवी ज्याने ऐकली आहे त्याला हे परके वाटू नये. तेथेही अक्षरे कुणी मोजत नाही. एखादा चरण अक्षरांनी भरलेला असेल तर बाई तो भरभर म्हणते, विरळ असेल तर एखादा स्वर लांबवते, आणि जात्याचा फेरा सगळ्यांना सांभाळून घेतो. तुलना येथेच थांबवतो, कारण इंग्रजीतला आघात आणि जात्याचा फेरा या एकच गोष्टी नव्हेत. पण कागदावर ओबडधोबड दिसणारे तोंडात आल्यावर सुरळीत होते, हा अनुभव दोन्हीकडे आहे.

‘द रेक ऑफ द डॉइचलँड’ ही कविता 35 कडव्यांची आणि 280 ओळींची झाली. प्रत्येक कडवे आठ ओळींचे. पहिल्या भागात आघातांची संख्या ओळीगणिक 2, 3, 4, 3, 5, 5, 4, 6 अशी बांधलेली, दुसऱ्या भागात पहिल्या ओळीत दोनऐवजी तीन. त्यावर काटेकोर यमके, त्यांतली काही तर एका ओळीतून पुढच्या ओळीत सांडणारी. आणि वेल्समध्ये राहून तो जी वेल्श कविता वाचत होता तिच्यातल्या व्यंजनांच्या गुंफणीचा नाद. हे सगळे सैलपणाच्या टोकाला असलेल्या मुक्तछंदाच्या अगदी उलट आहे, हे लक्षात घेतले नाही तर त्याची शंका कळत नाही. नियम मोडणाऱ्याला निदान मोकळेपणाचे समाधान असते. हॉपकिन्सने जुन्या नियमांहून कडक नियम स्वतःला घालून घेतले होते, आणि दुर्दैव असे की ते कोणाच्याच डोळ्यांना दिसत नव्हते. म्हणून त्याने हस्तलिखितावर निळ्या खडूने आघातांच्या खुणा केल्या.

निळ्या खडूच्या या खुणा मला फार बोलक्या वाटतात. ज्याला आपल्या लयीची पूर्ण खात्री आहे तो खुणा कशाला करील? आणि ज्याला खात्रीच नाही तो तरी कशाची खूण करील? लय आहे याबद्दल त्याला संशय नव्हता. ती दुसऱ्याला ऐकू येईल की नाही, याबद्दल होता. प्रायोगिक घाट हाताळणाऱ्याची शंका बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रकारची असते, पण मनात ती पहिल्या प्रकारची बनून वावरते: समोरच्याला ऐकू येत नाही म्हणजे मुळात तेथे काही नसेलच, असे वाटू लागते.

कविता त्याने जेझुइट संघाच्याच ‘द मंथ’ या मासिकाकडे पाठवली. संपादक फादर हेन्री कोलरिज हे त्याचे परिचित होते. अमेरिकेत हल्ली यमक नसलेली, वृत्त नसलेली आणि अन्वय न लागणारी एक नवी कविता निघाली आहे. तुझ्या कवितेला यमक, वृत्त आणि अन्वय असेल आणि ती निरर्थक किंवा अनीतीची नसेल तर छापायला हरकत नाही, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे होते. प्रथम ती स्वीकारलीही गेली. मग काही काळाने संपादकांनी हात मागे घेतला. हॉपकिन्सच्या शब्दांत, ती छापण्याचे धाडस त्यांना झाले नाही. खडूच्या खुणा, ओळी ओलांडणारी यमके, वेल्श नाद आणि आणखी पुष्कळसे चमत्कारिकपण यांनी संपादकाचा डोळा बिचकणारच, असे तो स्वतःच डिक्सन यांना लिहितो. या वाक्यातही डोळाच आहे. आणि खुणा उलट्या अंगावर आल्या, हेही नोंदवायला हवे: कानाला मदत म्हणून केलेली गोष्ट डोळ्याला अडथळा ठरली.

ब्रिजेसचा नकार याहून जवळचा आणि म्हणून जास्त लागणारा होता. तो स्वतः कवी, ऑक्सफर्डपासूनचा मित्र, पेशाने डॉक्टर, आणि छंदशास्त्राचा जाणकार. 1877 मध्ये त्याने कवितेचे विडंबन करून पाठवले आणि कितीही पैसे दिले तरी ही कविता पुन्हा वाचणार नाही असे कळवले. 21 ऑगस्ट 1877 च्या पत्रातले हॉपकिन्सचे उत्तर मी अनेकदा वाचले आहे, आणि दर वेळी त्याच्या शांतपणाने थक्क झालो आहे. तुझ्या विडंबनावरून तुला वृत्त कळले आहे याचा दिलासा मिळाला, असे तो म्हणतो. पैशाशिवाय प्रेम नावाचीही गोष्ट असते, तेव्हा कविता पुन्हा वाच, असे विनवतो. मी लोकांसाठी लिहीत नाही, तूच माझा वाचकवर्ग आहेस, असे सांगतो. त्याच पत्रात तो लयीची बाजूही मांडतो: ही लय का वापरायची, तर ती गद्याच्या, म्हणजे बोलण्याच्या स्वाभाविक लयीला सर्वांत जवळची आहे. दुसऱ्या वर्षी डिक्सन यांना लिहिताना तर, ही कल्पना सर्वस्वी नवी नाही, तिच्या खुणा संगीतात, लहान मुलांच्या बडबडगीतांत आणि जुन्या कवींतही सापडतात, असे त्याने मान्य केले.

शंकेला उत्तर देण्याची त्याची पद्धत येथे स्पष्ट दिसते. हॉपकिन्सने आपले वेगळेपण मोठे करून सांगितले नाही. आपल्या घाटाला त्याने कारण दिले, पूर्वज शोधले, मोजमाप दिले. 1877 मध्ये त्याने सुनीताचा एक आखूड प्रकार केला, तेव्हाही तो आकडेमोड करूनच: सुनीताचे 8 आणि 6 हे प्रमाण तीन-चतुर्थांश केले की 6 आणि साडेचार, म्हणून त्याची कविता साडेदहा ओळींची. काहींना हे रुक्ष वाटेल. मला ते एका घाबरलेल्या, पण प्रामाणिक माणसाचे वागणे वाटते. अंधारात जिना उतरताना पायऱ्या मोजाव्यात तसे.

या पद्धतीची मर्यादाही लवकरच दिसली. स्पष्टीकरणाने ब्रिजेसला लय कळली, पण कविता आवडली नाही. मे 1878 मध्ये हॉपकिन्सने त्याला वेगळ्या वाटेने समजावले: नवी गोष्ट समोर आली की आपली पहिली टीका खरी, मनापासूनची किंवा टिकाऊ नसते, ती त्या क्षणी सर्वांत सहज सुचलेली असते, जहाजाच्या तळाशी साचलेले पाणी पहिल्या फेरीत ढवळून निघते, ते निवळू न देताच तू उपसून काढलेस. ‘युरिडिसी’ ही दुसऱ्या बुडालेल्या जहाजावरची कविता त्याच काळातली. मार्च 1878 मध्ये आइल ऑफ वाइटजवळ अचानक आलेल्या वादळात हे नौदलाचे प्रशिक्षण जहाज बुडाले. तीनशेंहून अधिक माणसांपैकी दोघेच वाचले. तिच्याविषयी लिहिताना हॉपकिन्सने ब्रिजेसला बजावले होते की ही कविता गबाळेपणाने डोळ्यांनी वाचू नकोस, कागद तुझ्यासमोर ती मोठ्याने म्हणतो आहे असे समजून कानांनी वाच. ‘द मंथ’ने हीही कविता नाकारली.

आता एप्रिल 1879 च्या प्रसंगाकडे परत येतो. मित्राला वर्षभरापूर्वी जो इशारा दिला, तोच हॉपकिन्स स्वतः विसरला होता. कविता परत आली, त्याने ती सहज उघडली आणि डोळ्यांनी वाचली. ज्या वाचनाने संपादक बिचकला आणि मित्र चिडला, तेच वाचन त्याच्याकडून झाले, आणि क्षणभर त्यालाही त्या दोघांचेच खरे वाटले. मला येथे त्याचा दुबळेपणा दिसत नाही. आपण ज्या सवयीविरुद्ध लिहितो ती सवय आपल्याही अंगात मुरलेली असते. नवा घाट घडवणारा कवी जुन्या घाटांवरच वाढलेला असतो, आणि रचण्याची तंद्री उतरली की जुना वाचक त्याच्या आत पुन्हा जागा होतो. शंका ही बऱ्याचदा त्या जुन्या वाचकाची तक्रार असते. तिच्यात तथ्य नसते असे नाही. पण त्याने वाचले कसे, हे आधी विचारावे लागते.

हॉपकिन्सला तिच्यात तथ्य दिसलेही होते. दोनच महिने आधी, 15 फेब्रुवारी 1879 ला, त्याने ब्रिजेसला लिहिले की आपली कविता चमत्कारिकपणाकडे झुकते, यात शंका नाही. संगीतात जशी चाल आणि चित्रात जशी आकृती, तसा कवितेत तिचा अंतर्घाट आपल्याला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अशा घाटाचा गुण म्हणजे त्याचे वेगळेपण, आणि वेगळेपणाचा दोष म्हणजे विचित्रपणा. या दोषातून आपण सुटलो असू असे नाही. ही कबुली आणि एप्रिलमधला धक्का हे वरवर एकच वाटतात, पण त्यांच्यात फरक आहे. फेब्रुवारीत तो विचार करून आपला दोष मान्य करतो, तो कुठून येतो ते सांगतो, आणि तरीही घाट सोडत नाही. एप्रिलमध्ये त्याच्यावर शंकेने झडप घातलेली आहे. पहिलीवर विचार करता येतो. दुसरीवर श्वास घेऊन कविता मोठ्याने म्हणण्याखेरीज करण्यासारखे काही नसते. नव्या घाटावर काम करणाऱ्या, आणि आपल्यावर झडप घालणाऱ्या शंकेलाच आपली साक्षेपी टीका समजून कागद फाडणाऱ्या माझ्या ओळखीच्या कवींना मला हा फरक सांगावासा वाटत आला आहे.

मात्र कानाने वाचण्याचा उपाय सगळ्याच शंकांना लागू पडला नाही, आणि ते लपवले तर या प्रकरणावर अन्याय होईल. कविता लिहिण्याचा आपल्याला अधिकार आहे काय, ही 1868 ची शंका त्याला कधी सोडून गेली नाही. 1879 च्या शरद ऋतूत डिक्सन यांनी मोठ्या प्रेमाने ‘युरिडिसी’चा काही भाग कार्लाइल शहरातल्या एका वर्तमानपत्रात देण्याचे मनात आणले, तेव्हा हॉपकिन्स घाबरला आणि त्याने ते थांबवायला लावले. घाट वाईट आहे म्हणून नव्हे. वरिष्ठांच्या परवानगीशिवाय आपले नाव छापून येणे त्याला मान्य नव्हते. 1884 पासून तो डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ग्रीकचा प्राध्यापक होता, आणि उत्तरपत्रिकांचे ढीग, आजारपण व एकटेपणा यांनी खचत गेला. तेथल्या सुनीतांत त्याची निराशा कोणतेही पांघरूण न घेता येते, पण लयीबद्दलची शंका त्यांत नाही. आपल्या हातून काहीच जन्माला येत नाही, याचे दुःख तेथे आहे. 22 एप्रिल 1889 या तारखेच्या सुनीतात तर, स्फूर्तीच आटली आहे, एवढेच तो ब्रिजेसला सांगतो. 8 जूनला विषमज्वराने त्याचा मृत्यू झाला; वय 44.

त्याची हस्तलिखिते ब्रिजेसने जपून ठेवली. तो इंग्लंडचा राजकवी झाल्यानंतर, डिसेंबर 1918 मध्ये, त्याने हॉपकिन्सच्या कवितांचा पहिला संग्रह काढला. 750 प्रती छापल्या गेल्या आणि दुसरी आवृत्ती निघायला 1930 साल उजाडले. ‘डॉइचलँड’ ही कविता संग्रहाच्या दारात वाट अडवून वेटोळे घालून बसलेल्या मोठ्या ड्रॅगनसारखी आहे, असे त्याने टिपेत लिहिले, आणि समोरून चालून गेल्यावर आपण स्वतः तिच्याकडून हरलो, हेही मान्य केले. हे वाचून काहींना ब्रिजेसचा राग येतो. मला येत नाही. ज्याला कविता आवडली नाही, पण ज्याने ती चाळीस वर्षे नीट ठेवली आणि कवीच्या खुणांची दखल घेऊन छापली, अशा वाचकाचे उपकार मोजायला वेगळे माप लागते.

डब्लिनमधले एक पत्र मात्र सांगायचे राहिले. 1886 च्या डिसेंबरात हॉपकिन्सने ब्रिजेसला ‘स्पेल्ट फ्रॉम सिबिल्स लीव्ह्ज’ या आठ आघातांच्या लांबच लांब ओळींच्या सुनीताविषयी लिहिले. सोबत ते कसे वाचायचे याच्या सूचना होत्या: जिवंत कला म्हणून ती म्हणण्यासाठीच आहे, डोळ्यांनी वाचण्यासाठी नाही, मोठ्याने, सावकाश म्हणायची, पण वक्त्याच्या थाटाने नव्हे, मध्ये लांब विसावे घ्यायचे, यमकांवर आणि ठळक अवयवांवर रेंगाळायचे, जवळजवळ गायचीच, कारण तिचा काळ अतिशय काळजीपूर्वक बांधलेला आहे. अकरा वर्षांपूर्वी ज्याने संपादकासाठी निळ्या खडूच्या खुणा केल्या होत्या, तोच माणूस अजूनही एका अनिच्छुक मित्राला आपली लय ऐकवत होता, आणि या वेळी पत्रात कोठेही त्याने तिची माफी मागितलेली नाही.